मेणाची वाटणी

लुजेंदा नदीच्या अलीकडे, पानगळीच्या रानात
ब्वानाली थांबतो आणि तोंडाने आवाज काढतो:
ब्र्र्र्र... हं.
आधी ओठांची थरथर, मग घशातून एक हुंकार.
हा आवाज त्याला बापाने दिला, बापाला त्याच्या बापाने.
शेळ्या वळायला तो वापरायचा नाही,
बायकोला हाक मारायला तर नाहीच.
हा फक्त सेगोसाठी.

सेगो म्हणजे बुलबुलाएवढा, राखाडी,
लक्षात राहू नये असाच पक्षी.
येतो. फांदीवर बसून
काडेपेटी खुळखुळवावी तसा बोलतो,
पुढच्या झाडावर जातो, वळून बघतो:
येताय ना?

पोळं कुठल्या बाओबाबच्या ढोलीत, हे त्याला ठाऊक;
कुऱ्हाड नाही, धूर नाही.
ब्वानालीकडे दोन्ही आहे, पत्ता नाही.
अडला हरी, त्यातलीच गोष्ट.
फक्त यातला हरी कोण आणि गाढव कोण
ते अजून ठरलेलं नाही.

मी इथे आले ती घरटी मोजायला.
काठीला आरसा, कपाळावर दिवा,
आर्डवार्कने वाळवीसाठी खणून सोडलेल्या बिळात
पोटावर सरपटत जायचं.
बिळाच्या छतात आणखी एक बोगदा, मुठीएवढा:
आपल्या वेड्या राघूच्या आफ्रिकी भाऊबंदाचा.
आरशात आधी काहीच दिसेना.
मग दिसलं एक गुलाबी, आंधळं पिल्लू,
चोचीच्या टोकाला आकडा,
मासे धरायच्या गळासारखा.
त्याच्या अंगाखाली राघूची तीन पिल्लं.
भोसकलेली.
त्यातलं एक अजून पाय हलवत होतं.

आणि वरून आई आली,
फांदीवर घासून नांगी काढलेली माशी घेऊन,
आणि उरलेल्या एकुलत्या चोचीत भरवून गेली.

तो आकडा पुढे आपोआप गळतो.
काम झालं की कोण ठेवतं हत्यार?

रात्री शेकोटीशी हे सांगितलं
तेव्हा अवेतू, ब्वानालीची धाकटी, म्हणाली,
याने आईबाप पाहिले नाहीत,
वाढला राघूच्या घरात.
मग आपली हाक याला कळते कशी?
मी बरंच बोलले. पिढ्या, निवड, उपजत.
पोर्तुगीज अपुरी पडली तिथे हात हलवले.
ब्वानाली राख उकरत म्हणाला,
तुला ठाऊक नाही, असंही म्हणता येतं.

मधमाशीला विचाराल तर ती ही गोष्ट
निराळी सांगेल. तिच्या गोष्टीत
सेगो चुगलखोर, आणि आम्ही दरोडेखोर.
कुणी तिला विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी पोळं सापडलं.
धूर, कुऱ्हाड, शिव्या, सुजलेला कान.
अवेतूचा थोरला भाऊ लिशिंगाला दुकानात साखर विकतो,
तो म्हणतो, कशाला मरता?
ब्वानालीने मध डब्यात भरला
आणि हिरवी पानं तोडून जमिनीवर अंथरली,
पाहुण्याला मांडतात तशी,
वर मेणाचा पांढरा तुकडा ठेवला.

त्या खुन्याला? अवेतू म्हणाली.

वाट दाखवली त्याचा वाटा, बाप म्हणाला.
घरात काय केलं ते राघू बघेल.

आम्ही लांब सरकलो. सेगो उतरला.
मेण पचवणारी पोटं या जगात फार थोडी,
तो सावकाश खात होता,
एक डोळा आमच्यावर.

माझ्या वहीत दोन रकाने आहेत:
परजीवी, सहजीवी.
दोन्हीकडे मी त्याचंच नाव लिहिलं,
आणि पेन्सिल तशीच धरून बसले.

परतताना अवेतू ती हाक काढून बघत होती.
ब्र्र... नुसती थुंकी. माझ्या वहीवरही उडाली.
पुन्हा. पुन्हा.
बाप मागे वळून बघेना, पण चाल त्याने
हळू केली होती.